रात्रीच्या रस्त्यावरील प्रखर दिवे आणि शेतकऱ्यांचीं वाहनें

शेतकऱ्याचें काम सूर्याबरोबर सुरू व्हावें आणि सूर्याबरोबर संपावें, असा जुन्या काळचा शिरस्ता होता. हल्लीं तो राहिलेला नाहीं. भाजीपाल्याची गाडी पहांटेच्या लिलावास पोंचावी म्हणून मध्यरात्रीं निघते; दुधाचे कॅन उजाडण्यापूर्वीं संकलन केंद्रावर जातात; विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे पंप सुरू करण्यास अंधारांतच मळ्याकडे जावें लागतें; आणि गळिताच्या हंगामांत, म्हणजे साधारण आक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, ऊंसानें भरलेल्या ट्रॉल्या व टायरच्या बैलगाड्या रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात. ज्या रस्त्यानें ही सारी रहदारी चालते, त्याच रस्त्यानें भरधाव मोटारी, मालट्रक व आरामगाड्या जातात, आणि त्यांच्या दिव्यांचे झोत वर्षागणिक अधिकाधिक प्रखर होत चालले आहेत.

या झोतांचा त्रास ज्यास झाला नाहीं असा रात्रीचा प्रवासी विरळा. परंतु त्रास निराळा आणि धोका निराळा. प्रखर झोताच्या आपत्तींत दोनच माणसें असतात, एक दिपविणारा व दुसरा दिपलेला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथें एक तिसराहि असतो. तो म्हणजे त्या उजेडाच्या आड, अंधारांत, बिनदिव्याच्या गाडींत बसलेला किंवा रस्त्याच्या कडेनें पायीं चाललेला मनुष्य. त्याचा विचार कोणी करीत नाहीं. आणि हा तिसरा मनुष्य आपल्या मुलुखांत बहुधा शेतकरी किंवा त्याचा मजूर असतो. त्याच्या बचावासाठीं आपल्या हातीं काय आहे, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. गांव नमुना ६-क म्हणजे वारसांची नोंदवही, हें वाचकांस ठाऊक आहेच. मयत खातेदाराचें नांव, मरणाची तारीख व वारसांचीं नांवें यांस त्यांत जागा असते. मरण कशानें आलें, हें लिहिण्याचें तेथें प्रयोजन नसतें. तथापि अर्ज घेऊन आलेला मुलगा किंवा विधवा बाई तें कारण आपण होऊन सांगत असे. आणि हंगामाच्या महिन्यांत, "समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला, आणि पुढें उभी असलेली ट्रॉली दिसली नाहीं," हें वाक्य आमच्या कानीं वारंवार पडलें. म्हणून हा विषय आम्हांस शेतीच्या मासिकांत मांडण्याजोगा वाटतो.

डोळ्याचा धर्म

माणसाच्या डोळ्याची बाहुली उजेडांत लहान होते व अंधारांत मोठी होते. परंतु केवळ बाहुलीनें भागत नाहीं. डोळ्याच्या मागील पडद्यांत दोन जातींच्या सूक्ष्म पेशी आहेत. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडांत पाहण्याच्या व रंग ओळखण्याच्या कामीं येतात. दांड्यासारख्या लांबट पेशी अंधुक उजेडांत पाहतात. या दुसऱ्या पेशींतील जें रंगद्रव्य मंद प्रकाश टिपतें, तें प्रखर उजेडानें विरून जातें व अंधारांत हळूहळू पुन्हां तयार होतें. लख्ख दिव्याच्या खोलींतून अंगणांत आल्यावर प्रथम कांहींच दिसत नाहीं, तें यामुळेंच. अंधाराची पुरती संवय होण्यास डोळ्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. हें द्रव्य तयार होण्यास 'अ' जीवनसत्त्व लागतें. तें कमी पडलें म्हणजे रातांधळेपणा येतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्रखर उजेड डोळ्यांत शिरला म्हणजे बुबुळ व भिंग यांतून जातांना त्याचा कांहीं अंश इतस्ततः पसरतो, आणि डोळ्याच्या सर्व पडद्यावर जणूं पांढुरकें धुकें उतरतें. दुधाचा हात लागलेल्या कांचेंतून पाहावें तसें होतें. लखलखीत वस्तु त्यांतूनहि दिसते. परंतु काळी गाडी, मातकट ताडपत्री, घोंगडी पांघरलेला मनुष्य, अशा ज्या वस्तु भोंवतालच्या अंधाराहून थोड्याच उजळ असतात, त्या त्या धुक्यांत नाहींशा होतात. समोरच्या दिव्याच्या जितकी जवळ वस्तु, तितकी ती अधिक लपते. म्हणून समोरून येणाऱ्या मोटारीच्या शेजारीं, आपल्याच बाजूस पुढें चाललेली बैलगाडी ही सर्वांत आधीं दिसेनाशी होते.

वय वाढतें तसें भिंग पिंवळट व गढूळ होत जातें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशींतील तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच उजेड पोंचतो. उलट पसरणारा उजेड मात्र वाढतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्याभोंवतीं कडीं दिसूं लागतात. आमच्या वयाच्या माणसांनीं दिवसां चांगलें दिसतें एवढ्यावर रात्रीं गाडी हांकण्याचें धाडस करूं नये. प्रथम डोळे तपासून घ्यावे.

वेगाचा हिशेब

ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. चालकाचे डोळे दोन सेकंद दिपले, तर ३३ मीटर रस्ता ती आंधळ्यासारखी तोडते. पांच सेकंद दिपले, तर ८३ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यांत २५ मीटर जातात. आणि कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी उभी राहण्यास आणखी जवळजवळ तितकेंच अंतर लागतें. म्हणजे एकूण ५० मीटर झाले. ताशीं ८० च्या वेगास हाच आंकडा ७५ मीटरांवर जातो.

आतां खालच्या झोतांत काळसर, न चमकणारी वस्तु साधारणतः ४०-५० मीटरांवर आल्याशिवाय नीट दिसत नाहीं. म्हणजे डोळे शाबूत असतांनाहि ६० च्या वेगाचा हिशेब जेमतेम जुळतो, आणि ८० च्या वेगाचा मुळींच जुळत नाहीं. बैलगाडी तर ताशीं तीन-चार किलोमीटर चालते. मागून येणाऱ्या मोटारीच्या दृष्टीनें ती रस्त्यांत उभी असलेली भिंतच होय. त्यांत दिपलेल्या डोळ्यांचे दोन सेकंद मिळवले म्हणजे काय होतें, हें निराळें सांगावयास नको.

दिवा कसा चालतो व कसा बिघडतो

मोटारी प्रथम आल्या तेव्हां त्यांस रॉकेलचे व कार्बाइडच्या गॅसचे दिवे असत. पुढें विजेचे आले. १९६२ पासून युरोपांत हॅलोजनचे दिवे मोटारींस बसूं लागले, आणि १९७१ च्या सुमारास एकाच बल्बांत वरचा व खालचा असे दोन्ही झोत देणारा एच-४ जातीचा बल्ब निघाला. १९९१ मध्यें झेनॉन वायूचे दिवे व २००७ पासून पुढें एलईडीचे दिवे मोटारींत आले. हॅलोजनचा उजेड पिंवळसर, तर एलईडीचा पांढरा व किंचित् निळसर असतो. तो डोळ्यास अधिक बोंचतो. परंतु दिपविण्याचें मुख्य कारण रंग नव्हे. झोत किती प्रखर आहे व तो कोठें पडतो, हें मुख्य कारण होय.

एच-४ बल्बांत दोन तारा असतात. वरच्या झोताची तार अंतर्गोल आरशाच्या नाभीशीं बसविलेली असल्यामुळें तिचा उजेड सरळ दूरवर जातो. खालच्या झोताची तार नाभीच्या थोडी पुढें असते व तिच्या खालीं धातूची एक लहानशी वाटी असते. त्या वाटीमुळें उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो, व तेथून परतून खालीं रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांचें सारें रक्षण या लहानशा वाटीवर व तारेच्या नेमक्या जागेवर अवलंबून आहे.

आतां बाजारांतून स्वस्त एलईडीचा बल्ब आणून हॅलोजनच्या दिव्यांत बसविला, म्हणजे काय होतें? उजेडाचें उगमस्थान तारेच्या जागीं नेमकें येत नाहीं, वाटीचें काम नीट होत नाहीं, आणि झोत अस्ताव्यस्त फांकतो. आपल्यासमोर दहा पावलांवर लख्ख उजेड दिसतो म्हणून मालक खूष होतो. परंतु दूरचा रस्ता पूर्वींइतकाहि उजळत नाहीं, व समोरच्याचे डोळे मात्र फुटतात. ६०/५५ वॅटांच्या जागीं १००/९० वॅटांचा बल्ब घालण्याची चाल याच मासल्याची आहे. त्यानें तारा व दिव्याचा आरसा तापून खराब होतात, हें नुकसान वेगळें.

दुसरा बिघाड ओझ्याचा आहे. पिकअपच्या मागल्या भागांत कांद्याच्या गोण्या भरल्या म्हणजे मागची बाजू दबते, पुढची उचलते, आणि दिवेहि उचलले जातात. एका अंशानें दिवा वर गेला तर ५० मीटरांवर त्याचा झोत सुमारें ८७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन हात, वर चढतो. रस्त्यावर पडावयाचा उजेड समोरच्या चालकाच्या तोंडावर जाण्यास एवढें पुरे. पुष्कळ गाड्यांत सुकाणूच्या चाकाजवळ ०, १, २, ३ असे आंकडे असलेली लहानशी चकती असते. ओझें भरल्यावर दिवे खालीं करण्यासाठीं ती दिलेली आहे, शोभेसाठीं नव्हे.

दिवे नीट लागले आहेत कीं नाहींत, हें घरच्या घरीं पाहतां येतें. सपाट जागीं, टायरांत हवा भरून, गाडी भिंतीपासून १० मीटरांवर सरळ उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तितक्याच उंचीवर भिंतीस खडूची रेघ मारावी. खालचा झोत लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं दिसली पाहिजे. रेघेच्या वर दिसली, तर दिवा दुरुस्त करून घ्यावा. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालत असल्यामुळें उजेडाची कड डावीकडे थोडी चढती असते. ती चूक समजूं नये.

नियम काय सांगतात

या बाबतींत कायदा मुका नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०५ अन्वयें, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानें, व इतर वेळीं पुरेसा उजेड नसतां, पुढील १५५ मीटरांवरचीं माणसें व वाहनें दिसतील असे दिवे मोटार वाहनानें लावले पाहिजेत. नियम १०६ प्रमाणें दिव्याचा झोत असा खालीं वळविलेला असला पाहिजे कीं, दिव्यापासून ८ मीटर पुढें, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्यास तो दिपविणार नाहीं. नियम १११ प्रमाणें पूर्वपरवानगीवांचून पुढें शोधदिवे बसवितां येत नाहींत. हे नियम मोटारीस आहेत तसे ट्रॅक्टरासहि आहेत. समोरून वाहन येत असतां झोत खालीं करावा, हें तर वाहन चालविण्याचा परवाना घेतांनाच शिकवितात.

बैलगाडी मात्र यंत्रावर चालणारी नसल्यामुळें या नियमांत येत नाहीं. तेथें मालकाची समजूत हाच कायदा. पूर्वीं गाडीच्या आंखास कंदील टांगण्याची चाल होती. कंदील गेला, आणि त्याच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं कांहींच आलें नाहीं.

आपल्याच घरचे दोष

दुसऱ्याच्या झोतास नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या वाहनांकडे पाहणें बरें. पहिला दोष ट्रॅक्टरच्या मागील दिव्याचा. रात्रीं नांगरट करतांना मागचें तास दिसावें म्हणून चाकाच्या पंख्यावर एक पांढरा दिवा बसवितात. शेतांत तो उपयोगाचा. परंतु रस्त्यावर आल्यावर तो तसाच चालू राहिला, म्हणजे मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात, व पुढें चाललेला ट्रॅक्टर आपल्याकडेच येत आहे असा त्यास भास होतो. त्याच उजेडाआड मागची ट्रॉली अदृश्य होते. शिवार सोडतांना हा दिवा बंद करणें ही कवडीचाहि खर्च नसलेली गोष्ट आहे.

दुसरा दोष एकडोळ्या ट्रॅक्टरचा. पुढील एक दिवा बंद पडलेला असला, म्हणजे समोरच्यास तो फटफटी वाटतो, व त्या अंदाजानें तो आपली गाडी जवळून काढावयास जातो. तिसरा दोष ट्रॉलीचा. ऊंस किंवा त्याचीं वाढीं मागें लोंबत असल्यानें तांबडे दिवे असलेच तरी झांकून जातात. आणि एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉल्या असल्यावर दुसरीच्या दिव्यांची तार बहुधा जोडलेलीच नसते. चौथा दोष सर्वांत वाईट आहे. ट्रॉलीचें चाक बसलें म्हणजे ती रस्त्यांतच सोडून, मागें चार धोंडे मांडून माणसें निघून जातात. आणि ट्रॉली हलल्यावरहि ते धोंडे तेथेंच राहतात. अंधारांत धोंडा हा इशारा नव्हे, तो दुसरा सांपळा होय.

परत फिरणारा उजेड

या सर्वांवर एक उपाय असा आहे कीं, त्यास बॅटरी लागत नाहीं, तेल लागत नाहीं. तो म्हणजे उजेड परत फेंकणारी पट्टी. साधा आरसा तिरक्या उजेडास भलतीकडेच पाठवितो. या पट्टींत बारीक कांचेचे मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. ते उजेड ज्या दिशेनें आला त्याच दिशेस परत धाडतात. म्हणून ज्याच्या मोटारीचा दिवा, त्याच्याच डोळ्यांस ती पट्टी पेटल्यासारखी दिसते, आणि तीहि कित्येक शें फुटांवरून. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील पर्सी शॉ या गृहस्थानें १९३४ मध्यें रस्त्याच्या मध्यें बसविण्याच्या अशाच कांचेच्या डोळ्यांचें पेटंट घेतलें, व त्यांस मांजराचे डोळे हें नांव पडलें. पुढें १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या विद्यापीठांत शेतीच्या मंदगति वाहनांसाठीं एक त्रिकोणी पाटी तयार करण्यांत आली. तिचा मधला भाग भडक नारिंगी, दिवसां दिसणारा; व कड तांबडी, रात्रीं उजेड परत फेंकणारी. तिचा उपयोग तेथील ट्रॅक्टरांवर सर्रास होतो.

पट्ट्यांच्या रंगांची रीत ठरलेली आहे: पुढें पांढरा, मागें तांबडा, बाजूस पिंवळा. ती उलटी करूं नये. कारण रंगावरूनच वाहनाचें तोंड कोणीकडे आहे हें दुरून कळतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मागून येणारा चालक समोरच्या झोतानें अर्धवट दिपलेला असला, तरी त्याच्या स्वतःच्या खालच्या झोतानेंहि तांबडी पट्टी चमकते, व काळी ट्रॉली जेथें धुक्यांत लोपली असती तेथें ही खूण बहुधा डोळ्यांत भरते. दुसऱ्याचा दिवा कसा असावा हें आपल्या हातीं नाहीं. आपली गाडी त्यास दिसावी, हें आपल्या हातीं आहे.

समोरून झोत आला असतां

झोताकडे टक लावून पाहूं नये. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी व वेग ताबडतोब कमी करावा. रागानें आपला वरचा झोत त्याच्यावर सोडूं नये. त्यानें रस्त्यावर एकाऐवजीं दोन आंधळे होतात. एकदां क्षणभर इशारा द्यावा, व मानला नाहीं तर आपण सावकाश जावें. पुढची कांच आंतून व बाहेरून पुसलेली असावी. तिच्यावरील धूळ व ओरखडे समोरच्या उजेडाचें धुकें दुप्पट करतात. चष्म्याचीहि तीच गोष्ट.

बैलगाडीवाल्यानें आणखी एक जाणावें. बैलाच्या डोळ्यांत पडद्यामागें आरशासारखा एक थर असतो; त्यामुळें तो मंद उजेडांत आपल्याहून बरें पाहतो, व रात्रीं त्याचे डोळे चमकतात. परंतु असाच डोळा प्रखर झोतानें फार बुजतो. झोत अंगावर येतांना कासरा आंवळून बैल डाव्या कडेस घ्यावे, त्यांच्याशीं बोलत राहावें, व मोटार गेल्यावर त्यांस क्षणभर उसंत देऊन मग पुढें हांकावें.

हंगामापूर्वीं करावयाचीं कामें

(१) प्रत्येक ट्रॅक्टरचे दोन्ही पुढील दिवे व ट्रॉलीचे तांबडे दिवे तपासून, दोन ट्रॉल्या असल्यास दुसरीपर्यंत तार जोडून घ्यावी.

(२) भिंतीवरील रेघेची परीक्षा घरच्या प्रत्येक वाहनावर एकदां करावी. बल्ब मूळ जातीचा व मूळ वॅटांचाच ठेवावा.

(३) ट्रॉलीच्या मागील फळीवर तांबडी व बाजूंवर पिंवळी पट्टी अशा उंचीवर लावावी कीं, वाढ्यांनीं ती झांकणार नाहीं. बैलगाडीच्या मागेंहि तांबडी, आणि जुवावर पुढें पांढरी पट्टी असावी. चिखलानें माखलेली पट्टी नसल्यासारखीच; कारखान्यावर नंबर लागेपर्यंत बसून राहावें लागतें, तेवढ्यांत ओल्या फडक्यानें ती पुसावी.

(४) नांगरटीचा पांढरा दिवा शिवाराबाहेर पडतांना बंद करावा.

(५) बंद पडलेली ट्रॉली शक्य तों रस्त्याखालीं घ्यावी. न घेतां आली तर त्रिकोणी पाटी मागें चांगली पन्नास पावलें अंतरावर ठेवावी, व निघतांना एकहि धोंडा रस्त्यावर ठेवूं नये.

(६) रात्रीं पाणी धरण्यास रस्त्यानें जाणाऱ्यानें फिक्या रंगाचें उपरणें अंगावर घ्यावें व विजेरी जवळ बाळगावी.

पट्टी विकत घेणें एकट्या गाडीवाल्यास जड जात असेल, तर गांवच्या सोसायटीनें गळितापूर्वींच्या सभेंत हा विषय घेऊन ठराव करावा, व एकत्र खरेदी करून सभासदांस पट्ट्या वांटाव्या. तोडणीच्या टोळ्या परजिल्ह्यांतून येतात. त्यांच्या बैलगाड्यांस पट्टी नसेल तर ती लावण्याचें काम ज्याच्या शेतांतला ऊंस ते वाहतात त्यानें आपलें समजावें. बियाणें, खत व औषध यांवर खर्च करतांना आपण हात आंखडत नाहीं. तें पीक कारखान्यापर्यंत नेणारीं माणसें व बैल सुखरूप घरीं परत यावे, म्हणून थोडा खर्च व थोडी शिस्त प्रत्येक खातेदारानें यंदाच्या हंगामापासूनच अंगीं लावून घ्यावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.